तुम्ही विचारलंत म्हणून: फाशी का देत नाहीत?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या शाळेची पालकसभा असो की सिडकोतल्या सोसायटीचा गणपती, मी वकील आहे आणि पॉक्सोच्या, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, केसेस चालवते हे कळलं की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, लहान मुलांचे तसले व्हिडिओ काढणाऱ्यांना, बघणाऱ्यांना सरळ फाशी का देत नाहीत? कायदा कडक का करत नाहीत?" मंडपात आरतीच्या गडबडीत याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

शिक्षा कमी आहे असं मला वाटत नाही. पॉक्सो 2012 चा, 2019 मध्ये तो आणखी कडक झाला. अश्लील चित्रणासाठी मुलाचा वापर केला तर किमान 5 वर्षं कैद, अत्याचाराच्या सर्वांत गंभीर प्रकारात फाशीसुद्धा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67-ब तर असं काही नेटवर शोधणं आणि डाउनलोड करणंही गुन्हा ठरवतं: पहिल्याच वेळी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात नुसतं डाउनलोड करून बघणं गुन्हा नाही, हा मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला, त्यामुळे "मी फक्त बघितलं, कुणाला पाठवलं नाही" या बचावातही आता दम उरलेला नाही.

अडतं ते माणूस शोधण्यात. यातल्या बऱ्याच प्रकरणांची सुरुवात अमेरिकेत होते. तिथल्या कंपन्यांना असा मजकूर सापडला की हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या तिथल्या राष्ट्रीय केंद्राला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. 2019 मध्ये आपल्या एनसीआरबीने (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने) त्या केंद्राशी करार केला. तेव्हापासून भारतातली माहिती दिल्लीला येते, तिथून राज्याकडे आणि मग जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे. हातात पडतं काय, तर बहुतेकदा इंटरनेट जोडणीचा क्रमांक, म्हणजे एक आयपी अ‍ॅड्रेस आणि एक वेळ. ती वेळ अनेकदा जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्या साडेपाच तास मागे. कागदावर रात्रीचे सव्वाआठ असतील तर नाशकात पावणेदोन वाजून गेलेले असतात, तारीखही बदललेली. हे कनेक्शन कुणाचं, असं कंपनीला विचारणारं पत्र लिहिताना हा हिशेब चुकला की पोलीस भलत्याच घराची कडी वाजवतात. त्यातून मोबाईल कंपन्या एकच आयपी एका वेळी अनेक ग्राहकांना वाटतात. त्यातला नेमका ग्राहक ओळखायला लागणारा पोर्ट नंबर मिळाला नाही तर त्या मिनिटाला त्या आयपीवर सातपूरचा कामगार, नाशिकरोडचा दुकानदार, पंचवटीतले गुरुजी असे सगळेच असू शकतात. फाशी यातल्या कुणाला द्यायची?

म्हणून मला अमेरिकेतली 2024 ची दुरुस्ती महत्त्वाची वाटते. कळवलेल्या प्रकरणातला पुरावा कंपन्यांनी पूर्वी 90 दिवस जपायचा होता, आता तो वर्षभर जपावा लागतो. गुन्हेगाराची शिक्षा एका दिवसानेही न वाढवता पोलिसांचे हात बळकट झाले. वर्तमानपत्रात त्याचा मथळा होत नाही, ती गोष्ट वेगळी.

आपल्याकडे उलट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करताच येत नाही, कलम 78. फौजदार कितीही हुशार असो, कॉम्प्युटरचं सगळं शिकून आलेला असो, सही साहेबांची. आणि साहेबांना सण, मोर्चे, व्हीआयपी आणि आता सिंहस्थाचा बंदोबस्त. कायदा करणाऱ्यांनी हे एक कलम बदललं तरी मी पेढे वाटीन. न्यायालयात पुन्हा इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा. आरोपीचा वकील उलटतपासाला उभा राहिला की आधी तिथेच बोट ठेवतो. मी त्याच्या जागी असते तर मीही ठेवलं असतं.

आता तुमच्याकडून काय होतं ते सांगते, रागावू नका. मुलीला कुणी इन्स्टावर फोटोवरून धमकावतोय हे कळलं की वडील आधी दोन शिव्या हासडतात, मग ब्लॉक करतात, चॅट उडवतात आणि फोन फॉरमॅट करून कपाटात टाकतात. आठवड्याने माझ्याकडे येतात तेव्हा त्या खात्याचं नावसुद्धा धड आठवत नसतं. पुराव्याची एवढी सफाई आरोपीलाही जमली नसती. दुसरे असतात "या नराधमाला ओळखा, पुढे पाठवा" म्हणत अत्याचाराची क्लिप फॅमिली ग्रुपवर टाकणारे. हेतू चांगला असेल, पण तसा व्हिडिओ पाठवणं हाच गुन्हा आहे.

आणि बोभाट्याची भीती. पॉक्सोत मुलाची ओळख छापायला मनाई आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेता येतो. शक्यतो महिला अधिकारी, फौजदाराच्या खालची नाही आणि गणवेशात नाही. गुन्हा माहीत असून न कळवणं हा मात्र मोठ्यांसाठी गुन्हा आहे. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. फोन तेवढा आहे तसाच घेऊन जा, स्क्रीनची काच फुटलेली असली तरी चालेल.