दिसत नाही ते चित्र

शुक्रवार, रात्री

लालबागला आज सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. अंगणातला खेळ रद्द. मग छोट्या शिशूच्या वर्गात जुनी वर्तमानपत्रं अंथरली आणि मेणखडू काढले.

पांढऱ्या कागदावर पांढऱ्या खडूने गिरगटायचं. उमटलेलं काहीच दिसत नाही, त्यामुळे मुलं हिरमुसली. "ताई, हा खडू चालत नाही!" मग पातळ निळ्या जलरंगाचा ब्रश वरून फिरवायला दिला. मेणावर पाणी ठरत नाही, रंग बाजूला सरकतो आणि लपलेल्या रेघा वर येतात. एक जण ओरडलीच, "माझं होतंच तिथे!" तिने दाबून गिरवलं होतं, तिच्या शेजारणीचं अगदी पुसट आलं. शेजारणीने दोन्ही कागद निरखले, दुसरा कागद मागून घेतला आणि ओठ दाबून, जोर लावून गिरवायला बसली. मी एक शब्दही सांगितला नव्हता. मला रंगकामातून हेच हवं असतं.

ब्रश जाड आणि बुटकेच ठेवते. या वयात ते मुठीत धरले जातात, हात खांद्यापासून फिरतो, म्हणून कागदही मोठे लागतात. छापील आंब्यात रेघेच्या आत रंग भरायला लावणं मला पटत नाही. ते पुढे आहेच की!

हिरवा रंग मी मुद्दाम देत नाही. आज पिवळ्यात निळा ओघळला आणि हिरवा सापडला, तेव्हा सगळी त्या कागदाभोवती जमली. भेंडीच्या देठांचे ठसेही झाले. देठच वापरतो, खाण्याची भेंडी नाही. मावशी भाजी चिरताना बाजूला काढून ठेवतात. नळीने फुंकर मारून रंग पसरवताना नळीला मध्ये टाचणीने भोक पाडलेलं असतं, म्हणजे कुणी चुकून ओढलं तरी रंग सहसा तोंडात येत नाही.

एकाला हाताला रंग लागलेला अजिबात खपत नाही. त्याला काडीला कापूस गुंडाळून दिला. जुन्या टूथब्रशने शिंतोडे उडवताना मात्र तोच म्हणाला, "गणपतीच्या कारखान्यात काका असा फवारा मारतात." रोज येताजाता पाहतो ना तो!

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधनं उभी केली. काडी, देठ, कापूस हाताशी घेताना मला त्यांची आठवण येतेच.

सुटताना एका आजींनी विचारलं, "हे काय काढलंय गं हिने?" मी म्हटलं, "आजी, 'काय' नको, 'कसं केलंस' ते विचारा तिला." नातीने दारातच, छत्री उघडायच्या आधी, खडू, पाणी, निळा रंग असं सगळं क्रमाने सांगितलं. आजी दप्तर धरून ऐकत उभ्या राहिल्या.

दमट हवेत कागद अजून ओलेच आहेत. सोमवारी घरी देईन. गेरू आणायचा आहे.