दोन शंकर, दोन पार्वती

आमच्या वंशावळीत शंकर-पार्वतीची दोन जोडपी आहेत. खरं तर तीन, पण तिसरं भाऊबंदांमधलं, त्यांचं ते बघतील. हे दोन शंकर म्हणजे आजोबा आणि नातू. मधे एक गणेश, आणि गंमत म्हणजे थोरल्या शंकरच्या वडिलांचंही नाव गणेशच. त्यामुळे कागदावर दोघंही 'शंकर गणेश', आडनाव तेच, गाव तेच, आणि दोघांच्याही बायका पार्वती. आता बसा शोधत!

आजोबांचं नाव नातवाला देऊन नाव चालवायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण जोडपंच्या जोडपं रिपीट कसं होतं हे मला आधी कळेना. मग लक्षात आलं की लग्नात मुलीचं नाव बदलायचं आणि तेही नवऱ्याच्या नावाला शोभेलसं, ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने लिहायचं. विठ्ठलाची रुक्मिणी, रामाची जानकी, विष्णूची लक्ष्मी. म्हणजे नातवाचं नाव शंकर ठेवलं तेव्हाच त्याची पार्वती ठरली, भले ती मुलगी अजून जन्मायची का असेना. देवांनी जोड्या लावून ठेवल्यात, आपण फक्त माणसं भरायची.

आणि हे आपल्यासारख्यांच्या घरातच होतं असं नाही. पेशव्यांमधे बघा. थोरल्या माधवरावांची रमाबाई, १७७२ ला थेऊरला सती गेली ती. पुढे नारायणरावांच्या मुलाला काकांचं नाव मिळालं, ते सवाई माधवराव, आणि त्यांच्याही पहिल्या बायकोचं नाव रमाबाई. बरं एवढ्यावर थांबत नाही, न्यायमूर्ती रानड्यांना लोक माधवरावच म्हणायचे आणि १८७३ ला त्यांच्याशी लग्न होऊन आलेली यमुना रमाबाई झाली. त्यांच्या बाबतीत निदान 'थोरले', 'सवाई', 'न्यायमूर्ती' अशी लेबलं तरी आहेत. आमच्या शंकररावांना कोण सवाई म्हणणार.

घरात अर्थात कुणाचाच गोंधळ होत नसणार. धाकट्याला सगळे बापू म्हणायचे, कारण आजी नवऱ्याचं नाव तोंडाने घेणार कशी? सुनांचाही तोच प्रॉब्लेम, सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. म्हणजे नाव चालवायचं म्हणून हौसेने ठेवायचं आणि मग कुणी ते उच्चारायचंच नाही, हे मला फार भारी वाटतं. पण तलाठ्याच्या वहीत बापू नसतो, तिथे शंकर गणेशच.

आमचा अमेरिकेतला चुलतभाऊ वंशावळ अॅपमधे भरतोय. अॅपने त्याला विचारलं, ही दोन माणसं एकच आहेत का? नाव एक, बापाचं नाव एक, बायकोचं नाव एक, त्याने दाबलं हो. झालं, शंकरराव स्वतःचेच आजोबा होऊन बसले.

खरा गुंता होता एका जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या तलाठ्याकडच्या नोंदीत. शंकर गणेश मयत, वारस दोन मुलगे, पुढे 'अ.पा.क. आई पार्वती भ्र. शंकर'. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे मुलं लहान असताना बाप गेला आणि आई पालक लागली. मुलांची नावंही दोन्ही पिढ्यांत गणेश आणि महादेव, त्यामुळे तिथूनही काही हाती लागेना, आणि सालाचा कोपरा नेमका वाळवीने खाल्लेला. मग ही विधवा पार्वती कुठली? थोरली की धाकटी?

उत्तर मिळालं आत्याकडच्या श्राद्धाच्या तिथींच्या वहीत. त्यात थोरल्या पार्वतीसमोर लिहिलंय 'अविधवा नवमी'. पितृपक्षातली ती तिथी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची, सवाष्ण गेलेल्यांची. म्हणजे थोरली विधवा झालीच नव्हती, फेरफारातली पार्वती ती असूच शकत नाही. सरकारी कागदाने जे सांगितलं नाही ते खिरीच्या डागाने पिवळ्या पडलेल्या वहीने सांगितलं. मी आत्याला हे एकदम डिटेक्टिव्हच्या थाटात ऐकवलं तर ती म्हणाली, "अरे मग विचारायचं ना मला, बापू तरणाताठाच गेला की!"

तिलाच मग पुढचंही विचारलं. धाकट्या पार्वतीचं माहेरचं नाव ठकी, माहेर नदीपलीकडचं, तिचा भाऊ भाऊबीजेला होडीतून यायचा. हे कुठल्याच कागदावर नाही. फेरफारात नाही, वंशावळीच्या तक्त्यात नाही, तिथे तर बायकांची नावं नुसती कंसात. आता चुलतभावाला सांगितलंय की आधी ते मर्ज काढ, आणि पार्वतीच्या पुढे ठकी लिही. थोरलीचं माहेर मात्र आत्यालाही ठाऊक नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडची वंशावळीची वही बघायची राहिलीय, दिवाळीनंतर जाईन म्हणतो, आत्यालाही यायचंय.