आमची वाटचाल : फळीवरच्या पिशवीपासून वहीपर्यंत

आम्ही मांजरांच्या खाद्याची विक्री सुरू केली, तेव्हा आजारी मांजरांसाठीच्या पशुवैद्यकीय पथ्याच्या खाद्याच्या पिशव्याही आमच्याकडे इतर खाद्याच्याच फळीवर असत. पिशवीवर मूत्रविकाराचा उल्लेख असला की लघवीची तक्रार असलेल्या कोणत्याही मांजराला ते खाद्य चालेल, अशी आमची प्रामाणिक समजूत होती आणि त्याच समजुतीने आम्ही सल्लाही देत होतो.

ही समजूत एका वयस्क मांजरीमुळे मोडली. ती फार पाणी पिते आणि वारंवार लघवी करते, असे सांगून तिच्या पालकांनी खाद्य मागितले आणि आम्ही स्ट्रुव्हाइट खड्यांसाठीचे (मूत्राशयात होणाऱ्या एका प्रकारच्या खनिज खड्यांसाठीचे) खाद्य त्यांच्या हाती दिले. पुढे रक्ततपासणी झाली, तेव्हा तिची मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचे समजले. खड्यांवरचे ते खाद्य लघवीची आम्लता वाढवते, तर मूत्रपिंडाच्या आजारात शरीरात आधीच आम्ल साठू लागलेले असते. शिवाय अशा मांजरीला फॉस्फरस कमी आणि प्रथिने मोजकी पण उत्तम प्रतीची असलेले खाद्य लागते. आम्ही दिलेले खाद्य चांगलेच होते, परंतु ते दुसऱ्या आजाराचे होते. तिच्या पालकांनी आम्हांला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्यामुळेच ती चूक मला अधिक लागली.

त्यानंतर आम्ही पथ्याच्या पिशव्या वेगळ्या कपाटात ठेवल्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निदान लिहिलेले असल्याशिवाय त्या द्यायच्या नाहीत, असा नियम केला. काही ग्राहक दुरावले. तरीही नियम सैल केला नाही, कारण ‘खडे’ एवढ्या एका शब्दातही दोन निराळ्या गोष्टी असतात : स्ट्रुव्हाइटचे खडे योग्य आहाराने काही आठवड्यांत विरघळू शकतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे मात्र कोणत्याही खाद्याने विरघळत नाहीत. आणि बोका मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथतो आहे पण लघवी होत नाही, असे कोणी सांगितले, तर आम्ही खाद्याविषयी बोलतच नाही. त्याला त्याच क्षणी दवाखान्यात न्यायला सांगतो.

योग्य पिशवी घरी पोहोचली की काम संपले, हा आमचा दुसरा गैरसमज. पालक पहिल्याच दिवशी जुने खाद्य बंद करीत, मांजर वाटी हुंगून निघून जाई आणि ‘भूक लागली की खाईल’ म्हणून घरचे वाट पाहत. मांजराच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि मूळ आजाराहून गंभीर संकट उभे राहते. त्यामुळे नव्या खाद्यासाठी मांजराला उपाशी ठेवायचे नाही, आणि पूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना कळवायचे, हे आम्ही प्रत्येक पिशवीसोबत लिहून देऊ लागलो.

याच काळात प्रत्येक मांजराच्या खाण्याच्या नोंदी वहीत ठेवण्याची पद्धत सुरू झाली. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या 14 वर्षांच्या एका मांजरीचे पान माझ्यासमोर आहे. सर्वसाधारणपणे खाद्य बदलायला 7 ते 10 दिवस पुरतात, पण तिला पाच आठवडे लागले. सुरुवातीला नवे खाद्य जुन्यात मिसळलेच नाही. शेजारी दुसऱ्या वाटीत चमचाभर ठेवले. मळमळ होत असताना समोर आलेल्या खाद्याचा मांजर कायमचा धसका घेऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या औषधाने मळमळ थांबेपर्यंत तेही केले नव्हते. नवव्या दिवसाची नोंद आहे : ‘दोन दाणे उचलले, एक जमिनीवर टाकला, एक खाल्ला.’ मग ओले खाद्य हाताला जेमतेम कोमट लागेल इतके गरम करून दिल्यावर तिने वाटी चाटली. ओल्या खाद्यात सुमारे 75 ते 80 टक्के पाणी असते, त्यामुळे अशा मांजरीला त्याचा दुहेरी फायदा होतो : खाणेही होते आणि पाणीही पोटात जाते.

सावकाशीचा हा नियम सरसकट लावताना मात्र सांभाळावे लागते. मधुमेही मांजराला कमी कर्बोदकांच्या खाद्यावर आणताना इन्शुलिनची गरज घटू शकते आणि मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते, म्हणून बदलाची तारीख डॉक्टरांशी आधीच ठरवावी लागते. खाद्याच्या ॲलर्जीची शंका असेल, तर विघटित प्रथिनांचे (म्हणजे प्रथिने बारीक तुकड्यांत तोडलेले) खाद्य किमान आठ आठवडे आणि तेवढेच द्यावे लागते. एका घरी सहा आठवडे कडक पथ्य पाळूनही मांजराची खाज थांबेना. विचारत विचारत गेल्यावर पोटात साठणाऱ्या केसांच्या गोळ्यांवर उपाय म्हणून माल्टची पेस्ट रोज बोटावर घेऊन चाटवली जात असल्याचे कळले. ती बंद करून त्यांनी आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

आता आम्ही प्रथम उपलब्ध असलेले सर्वांत लहान पाकीटच देतो आणि मांजराने ते मनापासून खाल्ल्याचे कळल्यावरच मोठी पिशवी मागवतो. तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी आम्ही फोन करतो व पहिला प्रश्न विचारतो : आज वजन किती भरले? त्यासाठी लहान मुलांचा वजनकाटा आम्ही पालकांना वापरायला देतो. त्या 14 वर्षांच्या मांजरीच्या पानावर दर रविवारी आकडा लिहिला जातो. गेल्या रविवारी तो 3.4 किलो होता, आधीच्या रविवारइतकाच.