कामांचा अहवाल: मंजूर किती, पूर्ण किती आणि हाताला काम किती दिवस

1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारी या दिवसांच्या आसपास गावोगावी ग्रामसभा भरतात. सरपंच, कधी गटाचे जिल्हा परिषद सदस्य, कामांचा आढावा मांडतात. त्यातली दोन वाक्ये जवळपास सगळीकडे ऐकू येतात: "एवढ्या कोटींची कामे मंजूर करून आणली" आणि "एवढ्या लोकांच्या हाताला काम दिले". दोन्ही वाक्ये शंभर टक्के खरी असली तरी त्यातून गावाला फारसे काही कळत नाही. प्रत्येक काम नेमके कोणत्या टप्प्यावर आहे आणि रोजगार किती मनुष्यदिवसांचा (एका माणसाचे एक दिवसाचे काम म्हणजे एक मनुष्यदिवस) झाला, हे दोन्ही सांगितले तरच त्याला अहवाल म्हणता येईल. सरपंचांनी तो तसा मांडावा आणि मांडला नाही तर गावकऱ्यांनी तो तसा मागावा, यासाठी हे लिहीत आहे.

"मंजूर" या शब्दापासून सुरुवात करू. ग्रामसभेचा ठराव झाला की अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक करतो. मग तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा कामवाटप, कार्यारंभ आदेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश), प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेतली नोंद (जिला सगळे एमबी म्हणतात), देयक आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. लोक "मंजूर" म्हणतात ते बहुतेक वेळा प्रशासकीय मान्यतेला. तिथून कार्यारंभ आदेशापर्यंतचा प्रवास सगळ्यात लांब असतो आणि कामे अडकतात ती इथेच. कुठे जागेचा प्रश्न असतो: सातबारा खासगी मालकाचा, संमतीपत्र नाही, किंवा मध्येच वनखात्याची हद्द. कुठे मान्यता मिळते पण निधी टप्प्याटप्प्याने येतो. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी खर्चायला जिल्हा परिषदेला दोन वर्षे मिळतात. म्हणून मागच्या वर्षी "मंजूर" सांगितलेले काम या वर्षीच्या यादीत पुन्हा "मंजूर" म्हणून दिसू शकते. दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की हे लगेच लक्षात येते. अहवालात प्रत्येक कामापुढे कार्यारंभ आदेशाची तारीख असलीच पाहिजे. तारीख नसेल तर ते काम अजून कागदावर आहे असे समजावे.

दुसरा रकाना लेखाशीर्षाचा, म्हणजे पैसा सरकारच्या कोणत्या खात्यातून आला त्याचा. गावात "2515 मधून केले" किंवा "3054 मधला रस्ता" असे सर्रास बोलतात. 2515 म्हणजे ग्रामविकास विभागाच्या मूलभूत सुविधांचा निधी, 3054 रस्ते-पुलांचा. त्याशिवाय आमदार निधी, खासदार निधी, दलित वस्ती सुधार योजना आणि ग्रामपंचायतीकडे थेट येणारा वित्त आयोगाचा निधी. आमदार-खासदार निधीत लोकप्रतिनिधी काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देते. लेखाशीर्ष विचारायचे ते श्रेय ठरवण्यासाठी नव्हे, एकच काम दोन शीर्षांखाली दाखवले जाऊ नये म्हणून. "अमुक यांचे घर ते मारुती मंदिर काँक्रीट रस्ता" आणि "मारुती मंदिर ते मुख्य चौक रस्ता" ही दोन कामे जागेवर एकमेकांवर चढलेली असू शकतात. यावर उपाय म्हणजे साखळी क्रमांक, म्हणजे काम रस्त्याच्या कितव्या किलोमीटर/मीटरपासून कितव्यापर्यंत आहे, ते मागणे: 0/000 ते 0/150, पुढचे काम 0/150 ते 0/280. साखळी क्रमांक आणि अक्षांश-रेखांशासह फोटो असेल तर गोंधळाला जागाच राहत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीबद्दल गावात बरेच गैरसमज आहेत. महाराष्ट्रात या निधीतला 80 टक्के वाटा ग्रामपंचायतीला, 10 टक्के पंचायत समितीला आणि 10 टक्के जिल्हा परिषदेला होता. 2021-22 ते 2025-26 या वर्षांत त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरता येणारा, होता: निम्मा स्वच्छतेला, निम्मा पाण्याला. गावाला 10 लाख आले तर 3 लाख स्वच्छतेवर, 3 लाख पाण्यावर आणि फक्त 4 लाख गावाच्या इतर गरजांसाठी. ते 4 लाखही पगारावर किंवा आस्थापनेवर खर्चता येत नव्हते. "एवढे पैसे आले आणि रस्ता का नाही झाला?" या प्रश्नाचे उत्तर अनेकदा इथे असते, आणि सरपंचांनी ते स्पष्ट सांगितले तर निम्मा संशय तिथेच मिटतो. कोणत्या उपक्रमाला किती खर्च झाला हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाच्या नावाने उघडून पाहता येते.

आता कामाचा दर्जा. काँक्रीटचा रस्ता 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर जाड असेल तर काँक्रीट लागते 45 घनमीटर. एम-20 प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण 8 पोती सिमेंट धरले तर 360 पोती. जाडी 10 सेंटीमीटरच भरली तर काँक्रीट 30 घनमीटर, म्हणजे 120 पोती कमी. ही चोरी कडेने दिसत नाही, कारण कडेच्या साच्याच्या पट्ट्या पुऱ्या 15 सेंटीमीटरच्या असतात. मधला मुरूम उंच ठेवला की थर मध्यभागी पातळ होतो. म्हणून मोजायचे काँक्रीट पडण्याआधी: दोन्ही पट्ट्यांवर आडवी दोरी ताणायची आणि मध्यभागी टेपने खोली घ्यायची. दर दहा मीटरला हे केले तर अर्ध्या तासाचे काम आहे. काँक्रीट पडल्यावर मग रस्त्याला छिद्र पाडून गाभा (आतला नमुना) काढून तपासणी करण्याशिवाय मार्ग नाही आणि ती क्वचितच होते. पाणी मारण्याकडे लक्ष हवे, रस्त्याला किमान 14 दिवस. सांधे दुसऱ्या दिवसाच्या आत कटरने पाडले नाहीत तर काँक्रीट स्वतःच वेडेवाकडे तडकते. आणि दोन्ही कडांना मुरमाच्या बाजूपट्ट्या भरल्या नाहीत तर पहिल्याच पावसात कडेखालची माती वाहून जाते, ट्रॅक्टरचे चाक कडेवर आले की कोपरा तुटतो. बाजूपट्टी अंदाजपत्रकात असते, जागेवर मात्र पुष्कळदा नसते.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो कामांच्या क्रमात. आधी रस्ता, मग जलवाहिनीसाठी तोच रस्ता खोदणे. जलजीवन मिशनच्या काळात हे असंख्य गावांनी पाहिले. आराखडा वाचताना "या रस्त्याखालची पाइपलाइन आणि गटार झाले का?" एवढे विचारले तरी एखादा रस्ता वाचतो.

पाणी योजनेच्या अहवालात नळजोडण्यांची संख्या असते. मोजायचे असते पाणी. योजनेचे प्रमाण माणशी रोज 55 लिटर आहे. पाच माणसांच्या घराला रोज 275 लिटर. पाणी एक दिवसाआड 40 मिनिटे येत असेल तर त्या 40 मिनिटांत 550 लिटर मिळायला हवे, म्हणजे मिनिटाला सुमारे 14 लिटर. पंधरा लिटरची बादली साधारण 65 सेकंदांत भरली पाहिजे. ही चाचणी टाकीजवळच्या घरात घेऊन उपयोग नाही, वस्तीच्या शेवटच्या टोकाच्या घरात घ्यायची. तिथे बादलीला तीन मिनिटे लागत असतील तर जोडणी आहे, योजना नाही. हिवरे बाजारात पोपटराव पवारांनी ग्रामसभेपुढे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत रुजवली: पाऊस किती पडला, विहिरींची पातळी काय आणि त्यावर कोणती पिके घ्यायची. आकडा असा हवा की त्यावर गावाला निर्णय घेता येईल.

रोजगाराकडे येऊ. इथे अहवाल सगळ्यात ढिले असतात, आणि गरीब घराला सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 साली केला, 1972 च्या दुष्काळातल्या कामांच्या अनुभवावर. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. पुढे 2005 चा केंद्राचा कायदा (मनरेगा) आला, कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची हमी देणारा. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी 125 दिवसांची हमी देणारा नवा कायदा मंजूर केला. त्यात खर्चाचा 60:40 वाटा केंद्र आणि राज्याचा आहे आणि पेरणी-कापणीच्या हंगामात 60 दिवसांपर्यंत काम थांबवण्याची तरतूद आहे. म्हणून अहवालात रोजगार कोणत्या कायद्याखालचा आणि कोणत्या महिन्यांतला, हे सांगणे आता आणखी गरजेचे झाले आहे.

"200 लोकांना रोजगार" या वाक्याचा हिशेब करून पाहू. 10 लाखांचे मृदसंधारणाचे काम आहे, मजुरीचा वाटा 60 टक्के, म्हणजे 6 लाख. 2025-26 चा महाराष्ट्राचा दर दिवसाला 312 रुपये. भागाकार केला की साधारण 1,923 मनुष्यदिवस येतात. 200 माणसांना वाटले तर प्रत्येकाला साडेनऊ दिवस. तेच काम 19 कुटुंबांना जवळपास पुरे 100 दिवस देऊ शकले असते. दोन्हीतले काय योग्य ते गावाने ठरवावे, पण ठरवायला मनुष्यदिवसांचा आकडा समोर हवा. जॉबकार्डांची संख्या म्हणजे रोजगार नव्हे. किती कुटुंबांनी काम मागितले, किती जणांना मिळाले, सरासरी किती दिवस मिळाले आणि हमीचे पूर्ण दिवस किती कुटुंबांचे भरले, हे चार आकडे पुरेत.

मागणीची नोंद नसेल तर हक्कच उभा राहत नाही. मनरेगात कामाची मागणी नमुना 4 वर करायची आणि नमुना 5 ची तारखेसह पोच घ्यायची. तोंडी मागणीला काहीही अर्थ उरत नाही. मागणीपासून 15 दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता देय होतो, पहिले 30 दिवस मजुरीच्या पाव आणि नंतर निम्मा. पोच नसेल तर 15 दिवस कधीपासून मोजायचे? अनेक गावांत बेकारी भत्त्याचा आकडा शून्य असतो, कारण पोचच दिलेली नसते.

मजुरी कमी पडण्याची कारणेही ठरलेली आहेत. मजुरी कामाच्या मापावर निघते, नुसत्या हजेरीवर नाही. कठीण मुरूम खोदला आणि पुस्तिकेत मऊ माती लिहिली गेली तर घाम तेवढाच गाळून पैसे कमी येतात. म्हणून माप घेताना मजुरांच्या गटातली दोन माणसे तांत्रिक सहाय्यकाबरोबर उभी राहावीत आणि मातीचा प्रकार काय लिहिला ते तिथेच विचारावे. मोबाइल अॅपवरची हजेरी दिवसातून दोनदा फोटोसह घ्यावी लागते. डोंगराळ भागात रेंज नसल्याने दुसरा फोटो राहतो आणि दिवस बुडतो. आधार बँक खात्याशी थेट लाभासाठी जोडलेले नसेल तर पैसे परत जातात. खाते चालू असणे आणि ते आधारशी जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बँकेत दुसरी आवर्जून तपासून घ्यावी. हजेरीपट बंद झाल्यापासून 15 दिवसांत मजुरी मिळाली नाही तर सोळाव्या दिवसापासून थकीत रकमेवर दररोज 0.05 टक्के भरपाई लागू होते. रक्कम छोटी असते, पण अहवालात ती दिसली तर उशीर किती होतो ते कळते.

सुशिक्षित तरुणांच्या बाबतीत शब्द जास्त जपून वापरायला हवेत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. ही ठरावीक मुदतीची प्रशिक्षणे आहेत. त्यांना नोकरी म्हणून मोजले की मुदत संपल्यावर त्या मुलांची निराशा होते, आणि ती रास्त आहे. रोजगार मेळाव्यातही निवडपत्र किती जणांना मिळाले यापेक्षा सहा महिन्यांनी किती जण कामावर टिकले हे विचारावे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात 15 ते 35 टक्के अनुदान असले तरी कर्ज बँक देते. अर्ज, शिफारस, बँकेची मंजुरी आणि प्रत्यक्ष वाटप हे वेगवेगळे आकडे आहेत. शिफारशीचा आकडा "इतके उद्योजक घडवले" म्हणून वाचून दाखवू नये.

ग्रामसभेची गणपूर्ती (लागणारी किमान उपस्थिती) 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, जे कमी असेल ते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या सभेला लोक गेले नाहीत की पुढचे निर्णय मोजक्या माणसांत होतात. ग्रामसभेआधीची महिला सभा टाळू नये, पाण्याचे आणि मजुरीचे खरे प्रश्न तिथेच निघतात. विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहिले गेले का, हे सभा संपण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (आधीचे ग्रामसेवक) वाचून घ्यावे.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर करता येतो. "सर्व कामांची माहिती द्या" असे मोघम लिहू नये. कामाचे नाव आणि वर्ष लिहून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, देयक अशी नेमकी चार कागदपत्रे मागावीत. नकलांऐवजी आधी अभिलेख पाहण्याची मागणी केली तर पहिला तास शुल्क लागत नाही. प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे, तो फार कमी वापरला जातो. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करायचे.

आणखी एक गोष्ट प्रत्येक सरपंचांनी अहवालाला जोडावी. बांधकामाच्या देयकातून कामगार कल्याणासाठी 1 टक्का उपकर कापला जातो. त्याचा लाभ घेण्यासाठी कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी लागते, वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. हा दाखला ग्रामपंचायतीतूनही मिळतो. गावातल्या रस्त्यांवर, शाळाखोल्यांवर, टाक्यांवर राबलेल्या गवंडी, बिगारी आणि सेंट्रिंगवाल्यांपैकी किती जणांची नोंदणी झाली आणि किती जणांचे दाखले अडले आहेत, ही यादी पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावी.