मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे सहा महिने

डाव्या मूत्रवाहिनीत अडकलेला 9 मिलिमीटरचा खडा दुर्बिणीतून लेसरने फोडून काढला, त्याला आता सहा महिने झाले. पोटावर टाका नाही, व्रण नाही आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी. त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना, आणि खरे सांगायचे तर मलाही, हे मोठे आजारपण वाटतच नव्हते. त्रास सुरू झाला तो नंतर, आत ठेवलेल्या नळीने.

शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीला सूज येते. त्या सुजेने वाट बंद होऊ नये आणि उरलेली कच वाहून जावी म्हणून मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ, दोन्ही टोकांना वळलेली नळी ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. माझी नळी अठरा दिवस होती. दर अर्ध्या तासाला लघवीची भावना होई, लघवी होताना कंबरेत कळ येई, आणि जिन्याने दोन-तीन खेपा झाल्या की लघवीला गुलाबी छटा येई. पहिल्यांदा तो रंग पाहून मी डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की नळी असेपर्यंत फिकट गुलाबी रंग दिसू शकतो, पाणी वाढवा. मात्र गडद लाल रंग, रक्ताच्या गुठळ्या, थंडी वाजून ताप किंवा लघवी अडकणे यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता निघा. नळी काढण्याची तारीख यजमानांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली होती, कारण बरे वाटू लागल्यावर माणसे ती विसरतात आणि महिनोन्‌महिने आत राहिलेल्या नळीवरच नवे खडे धरतात.

पहिल्या आठवड्यात पथ्य असे विशेष नव्हते. वेदनाशामक गोळ्यांनी पोट जड होते आणि कुंथणे टाळायचे असते, म्हणून मऊ भात, मुगाचे वरण, पपई आणि भरपूर पाणी, एवढेच.

पथ्याचा गोंधळ घातला तो भेटायला येणाऱ्यांनी. एकीने टोमॅटो बंद करायला सांगितले, दुसरीने वांगी आणि भेंडी, आणि दूध-दह्यावर तर सर्वांचेच एकमत होते. दुधात चुना असतो, चुन्याचाच खडा होतो, हे तर्कशास्त्र इतके सरळ आहे की मीही दोन आठवडे बिनदुधाचा चहा घेतला. पुढे खड्याच्या तपासणीचा अहवाल आला. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा होता, म्हणजे कॅल्शियम (तोच तो चुना) आणि काही भाज्या-दाण्यांत असणारे ऑक्झलेट मिळून झालेला, सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारचा. तो पाहून डॉक्टरांनी दूध-दही पुन्हा सुरू करायला सांगितले, तेव्हा घरात कोणाचा विश्वास बसेना. कारण मात्र समजण्याजोगे आहे. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरते आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम तोडले, तर मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शोषले जाऊन लघवीत उतरते. इटलीतील संशोधकांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात, पुन्हापुन्हा खडे होणाऱ्या 120 पुरुषांपैकी निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार दिला होता आणि निम्म्यांना नेहमीएवढे कॅल्शियम, पण कमी मीठ व कमी मांस. दुसऱ्या गटात खडे पुन्हा होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे राहिले. टोमॅटोत तर ऑक्झलेट फारसे नसतेच. ते भरपूर असते पालकात, बिटात, बदाम-काजूंत आणि, आम्हां सोलापूरकरांच्या दुर्दैवाने, शेंगदाण्यांत. अळूने घसा खवखवतो तोही कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळेच, हे कळल्यावर अळूच्या भाजीकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले.

शेंगाचटणी मी सोडलेली नाही. पूर्वी ती भाकरीबरोबर मूठभर जात असे, आता एक चमचा घेते आणि तीही दह्यात कालवून, जी आमच्याकडची जुनीच रीत आहे. पालक महिन्यातून एखाद्या वेळी करते आणि उकडून त्याचे पाणी ओतून देते, कारण विरघळणारे ऑक्झलेट त्या पाण्यात बरेचसे उतरते.

मला जड गेले ते मीठ. मूत्रपिंड जादा सोडियम बाहेर टाकते तेव्हा त्याच्याबरोबर कॅल्शियमही लघवीत जाते, म्हणून दिवसाला सगळे मिळून 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, एवढ्यात भागवायचे होते. पापड, लोणचे, खारे शेंगदाणे आणि वर भाकरीच्या पिठात चिमूटभर, असे मोजत गेल्यावर लक्षात आले की भाजीत मीठ घालण्याआधीच माझा निम्मा हिशेब संपलेला असे.

सासूबाई मात्र हुलग्यांवर ठाम होत्या. त्यांच्या हातचे हुलग्याचे माडगे मला आवडते आणि पातळ असल्याने त्याने पाणीही पोटात जाते, म्हणून मी ते आनंदाने घेते. पण त्याने कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा विरघळतो, असे डॉक्टर मानत नाहीत. 5 मिलिमीटरहून लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात, आणि त्या दिवसांत जे काही पोटात चाललेले असते त्याला श्रेय मिळते, असे माझे मत झाले आहे. सासूबाईंना ते मान्य नाही.

या सगळ्याहून मोठी गोष्ट पाण्याची. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात घामावाटेच इतके जाते की त्यासाठी तीन लिटर पाणीही अपुरे पडते. मी वीस वर्षे शाळेत शिकवते आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे सकाळच्या चहानंतर दुपारी घरी येईपर्यंत मोजून अर्धा पेला पाणी प्यायले आहे, कारण शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला धड कडी नव्हती आणि नळाला पाणी नव्हते. डॉक्टरांनी पाणी किती पिता असे विचारले तेव्हा मी आकडा सांगितला, कारण सांगितले नाही, लाज वाटली. ऑपरेशननंतर रुजू झाले त्या दिवशी मात्र मुख्याध्यापकांना अहवाल दाखवून सगळे स्पष्ट सांगितले. पुढच्या पंधरवड्यात कडी बसली, पाण्याची टाकी आली, आणि तिसऱ्या तासानंतर मला पाच मिनिटे मोकळी मिळू लागली. लिंबू पिळलेल्या, बिनमिठाच्या आणि बिनसाखरेच्या पाण्याची एक लिटरची बाटली तोवर संपलेली असते. गेल्या आठवड्यात शिक्षक-कक्षातल्या टेबलावर तशा आणखी चार बाटल्या दिसल्या.