सात फुटी बोर्ड घेऊन मुल्कीला: माझी सामानाची तयारी

मुल्कीच्या बाजारात टॉवेल मिळतो, टोपी मिळते, खोबरेल तेल, नायलॉनची दोरी, चपला, सगळं मिळतं. सर्फबोर्डच्या फिनचा, म्हणजे बोर्डखाली बसवायच्या पात्याचा, स्क्रू मिळत नाही. म्हणून सर्फिंगच्या प्रवासाला निघताना मी कपड्यांना सगळ्यात शेवटी हात लावते. जी वस्तू तिथल्या दुकानात नाही आणि जिच्यावाचून पाण्यात उतरता येणार नाही, ती आधी बॅगेत जाते.

मुल्की मंगळूरच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर. शांभवी आणि नंदिनी या नद्या इथे समुद्राला मिळतात, आणि जवळच्या सशिहित्लूच्या किनाऱ्यावर सर्फिंगच्या राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा झाल्या आहेत. नुकतंच शिकायला जाणार असाल तर बोर्ड न्यायची काहीच गरज नाही, तिथे मऊ फोमचे बोर्ड भाड्याने मिळतात. मला मात्र माझ्या सात फुटी इपॉक्सी बोर्डची (आत फोम, वर इपॉक्सी रेझिनचं कडक कवच) सवय झाली आहे, त्यावरच मला लाट नीट कळते. त्यामुळे तो बरोबर न्यायचा हे नक्की होतं.

आणि तो रेल्वेने न्यायचा होता. डब्यात १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटरपेक्षा मोठी पेटी नेता येत नाही. ती लगेज म्हणून बुक करून ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून, पाठवायची, असा नियम आहे. ब्रेकव्हॅनमध्ये आपल्या बोर्डवर काय रचलं जाईल ते आपल्या हातात नसतं, तेव्हा बांधणी तेवढी भक्कम हवी. बोर्ड मोडतो तो नाकाला, शेपटाला आणि दोन्ही कडांना. मधला भाग बराच सोसतो. कडांसाठी मी एसी दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानातून तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोमचा नळा आणला, लांबीत चिरला आणि दोन्ही कडांवर बसवून टेपने धरला. नाकाला आणि शेपटाला टॉवेल, त्यावर बबल रॅप, त्यावर रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा टी-शर्ट. कपडे असे भरले की वेगळी बॅग लहानच राहते. मग हे सगळं बोर्डच्या पिशवीत.

त्याआधी बोर्डवरचं जुनं वॅक्स काढलं; पाय घसरू नये म्हणून ते चोळलेलं असतं. उन्हाळ्यात बंद डब्यात ते वितळतं आणि पिशवीभर चिकटतं. बोर्ड पाच मिनिटं उन्हात ठेवला, वॅक्स मऊ झालं की प्लास्टिकच्या कंगव्याने खरवडलं, उरलेला चिकटा खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसला आणि मग साबणाच्या पाण्याने तेल पूर्ण काढलं. तेलाचा अंश राहिला तर नवं वॅक्स धरत नाही. नवं वॅक्स घेताना ट्रॉपिकल हा शब्द पाहूनच घ्या. ते साधारण २४ अंशांच्या वरच्या पाण्यासाठी असतं, आणि आपल्या अरबी समुद्राचं पाणी त्याहून गरम. थंड पाण्याचं वॅक्स इथे लोण्यासारखं होतं. वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा जाड रबरी पोशाख, तोही याच कारणाने घरी राहतो. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, लेगिंग आणि हनुवटीखाली बांधता येणारी टोपी पुरते. चेहऱ्याला झिंक ऑक्साइडचं जाड मलम, पण ते लावलेले हात बोर्डच्या पृष्ठभागावर पुसायचे नाहीत, पाय घसरतो.

आता लहान डबी. माझ्या मते अख्ख्या सामानात हीच सर्वांत मोलाची. तिच्यात जादा स्क्रू, लीशची (बोर्ड पायाला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची) जादा दोरी आणि फिनची चावी. ही चावी इंची मापाची असते, ३/३२ इंच, म्हणजे २.३८ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानातली अडीच मिलिमीटरची अॅलन की त्या स्क्रूत शिरतच नाही. म्हणून दोन चाव्या, एक डबीत आणि एक पर्समध्ये. तिन्ही फिन काढून मोज्यांत गुंडाळले. लीश बोर्डइतक्याच लांबीची, सात फुटी; सबंध लीश बोटांतून फिरवून कुठे चीर आहे का ते पाहिलं आणि सैल वेटोळं करून ठेवली. घट्ट गुंडाळली तर तिला बाक येतो.

बोर्ड दुरुस्त करायचं रेझिन घेतलं नाही. काही रेझिन ज्वलनशील असतात, आणि रेल्वेत ज्वलनशील वस्तूंना बंदी आहे. त्याऐवजी त्याच एसीवाल्याकडून अॅल्युमिनियम टेप. चीर पडली तर बोर्ड पूर्ण सुकवून त्यावर ती लावायची, म्हणजे आतल्या फोममध्ये पाणी शिरत नाही. पक्की दुरुस्ती नंतर.

लोकमान्य टिळक टर्मिनसच्या पार्सल ऑफिसात गाडीच्या बऱ्याच आधी गेले. खिडकीवरचे काका म्हणाले, "ताई, आत काय आहे ते लिहा. वर नाव, पत्ता, मोबाइल, कुठून कुठे, सगळं ठळक." मी पुठ्ठ्यावर मार्करने लिहून दोन्ही बाजूंना शिवून टाकलं. बुकिंग मुल्कीचं नाही, मंगळूर सेंट्रलचं केलं. मुल्कीला गाडी जेमतेम थांबते, तेवढ्यात ब्रेकव्हॅनमधून सात फुटांची वस्तू उतरवणार कशी? माझी गाडी, मत्स्यगंधा एक्स्प्रेस, मंगळूर सेंट्रलला संपते, तिथे कुणालाच घाई नसते. पावती दाखवली, बोर्ड ताब्यात आला, पिशवी उघडून कडा चाचपल्या. सगळं शाबूत.

पुढचा रस्ता जीपच्या टपावरून. त्यासाठी साध्या बकलचे दोन पट्टे नेले होते. रॅचेटचे, म्हणजे दांडा मागेपुढे करून आवळायचे, पट्टे नकोत, ते नको इतके आवळले जातात आणि कड दबते. टपावर टॉवेल, बोर्ड पालथा, आणि पट्ट्याला एक पीळ दिला, म्हणजे तो वाऱ्यावर घोंघावत नाही. ड्रायव्हरदादा कोंकणी बोलत होते, माझ्या मराठीशी त्यांचं छान जमलं. वाटेत चहाला थांबलो ते झाडाखाली, कारण उन्हात तापला की इपॉक्सी बोर्डचा वरचा थर आतल्या फोमपासून सुटू शकतो.

मुल्कीत पोचल्यावर फिन बसवले, वॅक्स लावलं आणि भरतीची वेळ विचारून घेतली.