तीन सेकंद

"ग्लासातला बर्फ वितळला की पाण्याची पातळी वाढेल का?" बाईंनी विचारलं आणि पुढच्याच श्वासात, "नाही! लिहून घ्या."

मागच्या बाकावरच्या मुलीचा हात अर्धा वर आला होता. तिनं तो हळूच केसांवरून फिरवला, जणू त्यासाठीच उचलला होता.

तो हात दिवसभर डोक्यातून जाईना.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७०च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं. विज्ञानाच्या तासाला प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत. तेच थांबणं ३ सेकंदांवर नेलं, तर मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली, स्वतःहून प्रश्नही विचारू लागली.

बाईंना दोष देत नाहीये. अभ्यासक्रम उरकायचा असतो, आणि वर्गातली शांतता भल्याभल्यांना खायला उठते. पण मुलांना विज्ञानाची गोडी नाही म्हणून आपण व्हिडिओ, टॅब्लेट, काय काय आणतो! हे तर फुकटात होण्यासारखं.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, प्रश्न विचारून मनातल्या मनात तीनपर्यंत मोजून पाहिलंय कधी? काय झालं वर्गात?